खाचेपासून सात डिग्री

३ मार्च

काका,

नमस्कार. तब्येतीचं नंतर विचारते, आधी बातमी सांगते, कारण ती पोटात ठेवून मला दुसरं काही लिहिता येणार नाही. फोन करणार होते, पण फोनवर तुम्ही “हो, हो” म्हणता आणि ठेवून देता. कागदावर निदान उत्तर द्यावं लागतं.

नर्सबाईंची व्हॅन टोचन लावून परत आली.

तुम्हाला ती आठवत असेलच. पांढरी, मागे इंजिन असलेली, दरवाजा आपटल्याशिवाय न लागणारी. तुम्ही मुलाकडे राहायला गेल्यावर मी एकटीने पूर्ण उघडून बांधलेलं ते पहिलं इंजिन. डोंगराच्या चढावर, शेवटच्या वस्तीच्या जरा अलीकडे बंद पडलं. मी खोलून पाहिलं, तर तिसऱ्या सिलेंडरच्या पिस्टनला मधोमध भोक. कडा मेणासारख्या ओघळलेल्या. बाकीचे तीन काळवंडलेत, पण वाचलेत.

मी सगळं तपासलं. पंख्याचा पट्टा घट्ट होता. हवेच्या वाटेत पान, चिंधी, काहीही अडकलेलं नव्हतं. तेल पुरेसं, पेट्रोल बरोबर. आणि ठिणगी पडायचं टायमिंग तर मी लुकलुकत्या दिव्याने, तुम्ही पुलीवर पाडलेल्या खाचेवर लावलं होतं, केसभरही इकडेतिकडे नाही. म्हणजे बाईंनीच चढावर वरचा गिअर धरून गाडी रेटली असणार. पाण्याचं इंजिन असतं तर वाफ सोडून निदान बोंब तरी मारली असती. हे बिचारं हवेवर थंड होणारं, मुकाट्याने जळतं.

त्यांच्या दवाखान्याचे गाड्यांचे साहेब आले होते. त्यांना आणि बाईंना मी काय ते समजावून सांगितलं. बाई जरा नाराज झाल्या. होणारच.

शेजारचा वेल्डर विचारत होता, काका कधी येणार? तुम्ही गेल्यापासून त्याच्या विनोदांना कोणी हसत नाही म्हणे. मी म्हटलं, काकाही हसत नव्हते, त्यांना खोकला होता.

भोकाबद्दल तुम्हाला काय वाटतं ते लवकर लिहा.

तुमची,
ठिणगी


१० मार्च

ठिणगे,

अक्षर पाहून दचकू नकोस. अक्षर सूनबाईचं, मजकूर माझा. चष्मा दुरुस्तीला दिलाय. ‘सिलेंडर’ कसं लिहायचं यावरून आत्ताच आमचं वाजलं, तेव्हा शब्दांच्या चुका तिच्या आणि इंजिनाच्या चुका तुझ्या.

पिस्टनला भोक पडलं याचा अर्थ चालवणाऱ्याने मारलं. जन्मभर हेच पाहत आलोय. तिसरं सिलेंडर तर मुळातच दुर्दैवी, त्याच्या वाटेत ऑइल कूलर येतो आणि हवा त्याला उरलीसुरली मिळते. घरात जो सगळ्यांत कमी बोलतो त्याच्यावर जसं सगळं येतं, तसं. गाडी दामटली की पहिला तोच जातो.

खाचेबद्दल तू ‘केसभरही नाही’ लिहिलंस ते वाचून बरं वाटलं. ती पुली मी इकडे यायच्या थोडं आधी स्वतः कानशीने खाचलेली आहे. बोटांनी पाहिलेला टॉप आहे तो. प्लगच्या भोकातून सायकलची तार पिस्टनवर टेकवायची, दुसऱ्या हाताने इंजिन फिरवायचं. तार वर येते, येते आणि थांबते. थांबली तिथे पिस्टन टॉपला. लोक माझ्याकडे नुसती खाच पाडून घ्यायला यायचे, हे तू लहान असताना पाहिलंयस. कारखान्याची खूण चुकेल, माझी चुकायची नाही.

तू ठाम राहा. बाईला स्पष्ट सांगितलंस ते चांगलं केलंस. गिऱ्हाइकाने रडवेलं तोंड केलं म्हणून आपण आपल्या कामावर शंका घ्यायची नसते.

इथे चौथ्या मजल्यावर सगळं ठीक. लिफ्ट बंद पडली की सगळे माझ्याकडे बघतात, जणू मीच बांधलीय.

काका


१९ मार्च

काका,

नवा पिस्टन आला. इंजिन स्टँडवर चढवून ठेवलंय. जोडणीला हात घालण्याआधी मी एक उद्योग केला. तो लिहू की नको, यात आठवडा गेला.

डिग्रीची चकती आणली होती, नुसत्या हौसेने. ती पुलीवर बसवली, तारेचा काटा वाकवून केला आणि तुमची खाच इंजिनाच्या जोडरेषेवर आणून चकतीचं शून्य त्या काट्याखाली ठेवलं. मग एका जुन्या प्लगचं पोट फोडून त्यात बोल्ट पक्का केला. हा झाला अडसर. तो प्लगच्या भोकात फिरवून बसवला की पिस्टन टॉपला पोचूच शकत नाही, थोडा आधी अडतो.

इंजिन हाताने सुलट फिरवलं. पिस्टन अडसराला टेकला. आकडा वाचला. मग उलट फिरवत दुसऱ्या बाजूने आले. पुन्हा टेकला. पुन्हा वाचला. खरा टॉप या दोन आकड्यांच्या बरोबर मध्ये. टॉपला पिस्टन क्षणभर उभा राहिल्यासारखा असतो, क्रँक सरकतो तरी तो हलत नाही. त्यामुळे वर जाऊन टॉप कळतच नाही. दोन्ही बाजूंना अलीकडेच थांबायचं आणि अर्धं करायचं.

तुमची खाच खरी असती तर दोन्ही आकडे सारखे आले असते. एका बाजूला सतरा आले. दुसऱ्या बाजूला एकतीस.

म्हणजे खाच टॉपच्या सात डिग्री अलीकडे आहे. मी त्या खाचेवर टायमिंग लावलं, म्हणजे ठिणगी सात डिग्री आधी पडत होती. सपाटीवर इंजिनाने ते सोसलं असेल. चढावर, ओझं घेऊन, नाही सोसलं.

काका, माझंच कुठेतरी चुकलं असेल. तुमच्या बोटांना सात डिग्री कळल्या नाहीत हे मला पटत नाही. तुम्हीच मला शिकवलं होतं की तार थांबली म्हणून हात थांबवायचा नाही, ती उतरायला लागेपर्यंत जायचं आणि मग अर्धं मागे यायचं. या पत्रात मात्र तुम्ही ‘थांबली तिथे टॉप’ एवढंच लिहिलंत. घाईत राहून गेलं असेल.

आणि तुम्ही स्वतः का लिहिलं नाहीत? चष्मा एवढे दिवस दुरुस्तीला? मी इंजिन जाळलं म्हणून तुम्ही रागावला असाल आणि मला तुमचं अक्षरही द्यायचं नसेल, तर तसं सांगा. मी समजू शकते.

नर्सबाई त्यानंतर वर्कशॉपकडे आल्या नाहीत.

ठिणगी


२६ मार्च

ठिणगे,

माझ्या खाचेवर चकती लावलीस? लाव. लाव बरं! उद्या माझ्या जन्मतारखेवरही लाव.

तुझा तो फोडलेल्या प्लगचा अडसर तिरका बसला असेल. चकती सरकली असेल. काटा तारेचा आहे म्हणतेस, तार लवते. पुन्हा मोज. तिसऱ्या सिलेंडरवरही मोज. इंजिन म्हणजे काय परीक्षेचा पेपर आहे, की वजाबाकी करून उत्तर काढलं आणि खाली दोन रेघा मारल्या?

आणि हे तू कोणाला दाखवलंस? दाखवलं नसशील तर दाखवू नकोस. वेल्डरला तर मुळीच नको, त्याच्या तोंडात गोष्ट गेली की तिला वेल्ड बसतो, सुटत नाही. त्या बाईलाही काही कळवू नकोस. गाडी जोड, टायमिंग बरोबर लाव, पाठवून दे. पुली बदलून टाक. पुली कशाला बदलली असं कोणी विचारत नाही.

तुझ्यावर रागावलेलो नाही. तू मात्र उगीच शोधत बसली आहेस.

काका

*

ताई, हे पुढचं माझं. पाकीट मीच चिकटवते म्हणून लिहिता येतंय.

चष्मा त्यांच्या नाकावरच आहे. तो कधी बिघडला नव्हता. त्यांना पेन धरता येत नाही. शर्टाची बटणं लागत नाहीत, दार लावून घेतात आणि आत अर्धा तास झगडतात. परवा चहाचा कप इतका गरम होता की मी फडक्याने धरून दिला, त्यांनी तो तसाच हातात घेतला आणि गप्पा मारत बसले. तळहात लाल झाला होता. मी दाखवलं तर म्हणाले, “वर्कशॉपचे हात आहेत, सूनबाई, यांना काय होतंय.” मला वाटतं हे इथे आल्यावर सुरू झालेलं नाही.

तुमचं पत्र मीच वाचून दाखवलं. ‘तुमच्या बोटांना कळल्या नाहीत हे पटत नाही’ इथे ते उठून गॅलरीत गेले. वरचं उत्तर दुसऱ्या दिवशी सांगितलं. हे मी लिहिलंय असं त्यांना कळू देऊ नका.

तुमची वहिनी


८ एप्रिल

काका,

बाईंना काही कळवू नकोस असं तुम्ही सांगितलं होतं. कळवलंय. रागवायचं असेल तर इथेच रागवून घ्या, पुढे आणखी आहे.

पुन्हा मोजलं. चकती काढून परत बसवली, काटा जाड तारेचा केला, तिसऱ्या सिलेंडरवरही मोजलं. सातच. अडसर तिरका असला तरी फरक पडत नाही, तो दोन्ही वेळी एकाच जागी अडवतो.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, ‘काय ते समजावून सांगितलं.’ मी काय सांगितलं ते आता लिहिते.

आवारात त्या दिवशी गाड्यांचे साहेब होते, वेल्डर होता, टायरवाला होता. बाई म्हणाल्या, “मी दुसऱ्याच गिअरमध्ये होते. त्या चढावर मी नेहमी दुसऱ्यातच असते.” मी तो पिस्टन त्यांच्या नाकासमोर धरला आणि म्हटलं, “बाई, माणूस खोटं बोलतो, पिस्टन बोलत नाही.” वेल्डर हसला. साहेबही हसले. मला त्या हसण्याची चव लागली, काका. मी थांबायला हवं होतं. मी म्हटलं, “इंजेक्शन जसं हळू देता ना, तसा अॅक्सिलरेटरही हळू देत जा.” मग सगळेच हसले. बाईंनी माझ्या हातातून पिस्टन घेतला, त्या भोकात बोट घालून पाहिलं आणि परत दिला. “इतकं झालं का माझ्या हातून,” एवढंच म्हणाल्या.

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ते खरं मानलं.

साहेबांनी त्यांना गाडी द्यायची नाही असं ठरवून टाकलं. तेव्हापासून त्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जातात आणि पुढे मलमपट्टीची पिशवी खांद्यावर घेऊन चढ चढतात. वरच्या वस्तीत एक अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, त्यांची जखम पूर्वी एक दिवसाआड बांधली जायची, आता आठवड्यातून एकदा. हे सगळं मला माहीत होतं. बसचा थांबा आपल्या शटरसमोरच आहे. पहिल्यांदा त्या दिसल्या तेव्हा मी टायरवर छापलेला नंबर वाचत उभी राहिले. नंतर दिसल्या तेव्हा शटर अर्धं ओढलं आणि आत जाऊन बसले. धंदा उघडा आणि मालकीण लपलेली. आणि तेव्हा सात डिग्री मला कळून चुकल्या होत्या. न कळता लपले असते तर एक वेळ चाललं असतं.

तुमचं ‘पुली बदलून टाक’ वाचलं आणि खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. नवी पुली मी हातात घेतलीसुद्धा होती. पण ती बसवताना मला कोणी पाहू नये असं वाटायला लागलं, माझ्याच वर्कशॉपमध्ये. मग ती खाली ठेवली, हात धुतले आणि दवाखान्यात गेले.

बाई ड्रेसिंगच्या खोलीत कात्र्या पुसून ट्रेमध्ये लावत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. शेवटी म्हणाल्या, “म्हणजे मी दुसऱ्याच गिअरमध्ये होते.”

“होय.”

“मला वाटायला लागलं होतं की मलाच आठवत नाही. बसमध्ये मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसते. त्या चढावर तो कुठला गिअर टाकतो ते बघत असते.”

मी माफी मागितली. त्यांनी ट्रेवर फडकं टाकलं. “इथे मागून काय करू मी तिचं? इथे कोणी हसलं होतं का? जिथे बोललात तिथे बोला. तीच माणसं बोलवा.”

बोलावली. काका, त्या आवारात मी लहानपणापासून वावरते, पण परवा त्या चार पावलांच्या जागेत कुठे उभं राहावं ते मला कळेना. मी चकती दाखवली, दोन्ही बाजूंनी टेकवून दाखवलं. म्हटलं, “चूक इंजिनाच्या टायमिंगची होती. बाईंची नव्हती. त्या सांगत होत्या ते खरं होतं आणि मी त्यांची थट्टा केली.” वेल्डरला एकदाही हसू आलं नाही. टायरवाला जमिनीकडे बघत राहिला. साहेबांनी विचारलं, “पण ही खाच पाडली कोणी?”

सगळ्यांना माहीत होतं. तरी सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “वर्कशॉपची आहे.”

तुमचं नाव जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि अडलं. ते तुमचा मान राखायला, की काकांची पुतणी म्हणून जो काही माझा मान आहे तो राखायला, मला अजून सांगता येत नाही. पण एक सांगते. खाच तुमची असली तरी चूक माझी आहे. तुम्ही लोकांना खाच पाडून द्यायचात आणि स्वतः टायमिंग मात्र कानाने लावायचात. इंजिनाचा आवाज बदलला की तुमचा हात थांबायचा. तुम्ही तुमच्या खाचेवर कधीच विसंबला नाहीत. मी विसंबले. न तपासता. वर दिवा लावून मिरवलं.

साहेबांनी खिशातून व्हॅनची किल्ली काढली आणि बाईंच्या हातात न देता पत्र्याच्या पेटीवर ठेवली. बाईंनी ती तिथून उचलली. इंजिन जोडून द्यायला मला आठवडा लागेल. तोवर त्या बसनेच जातील आणि मी शटर पूर्ण उघडं ठेवीन.

आता जे लिहायचंय त्यासाठी आधीच सांगते, वहिनीवर रागावू नका. तिने मला लिहिलं. तिने लिहिलं नसतं तर तुम्ही रागाने दुसऱ्याच्या हातून पत्र लिहून घेताय, हेच मी धरून बसले असते.

सगळे गेल्यावर बाई थांबल्या. म्हणाल्या, “तुम्ही म्हणालात, ही माणसं तार बोटात धरून टॉप ओळखतात. मग ज्यांनी ही खाच पाडली त्यांच्या बोटांना काय झालंय?”

मी वहिनीचं पत्र सांगितलं. कप, बटणं, सगळं. त्यांनी विचारलं, “चालताना चप्पल पायातून निसटली तर कळते का त्यांना?” मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, “साखर तपासायला सांगा. आणि तळपाय कोणीतरी रोज बघा, स्वतःला नाही कळणार त्यांना. वरचे आजोबा दिवसभर चपलेत खिळा घेऊन हिंडले होते. त्याचीच जखम बांधते मी.”

हे त्यांनी माझ्यासाठी सांगितलं नाही, काका. तुमच्यासाठी सांगितलं. तुम्हाला त्यांनी कधी पाहिलेलं नाही आणि तुम्ही काय लिहिलं होतं तेही त्यांना माहीत नाही. मी सांगितलं नाही. तेवढी लाज माझ्यात शिल्लक आहे.

डॉक्टरांकडे जा. उत्तर कोणाच्याही हातचं चालेल.

ठिणगी


२ मे

ठिणगे,

अक्षर माझं आहे, तेव्हा सावकाश वाच. पेन बोटांत आहे की सुटलं ते मला बघावं लागतं, म्हणून ओळी अशा उतरत गेल्यात. सूनबाई लिहून देते म्हणाली. नको म्हटलं.

तुझं पत्र तिने वाचून दाखवलं. ‘वहिनीवर रागावू नका’ इथे ती थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, वाच पुढे. शेवटपर्यंत वाचल्यावर तिने न विचारता माझे मोजे काढले. उजव्या टाचेला जखम होती. चांगली खोल. कधीची, ते मला सांगता येईना. लिफ्ट बंद पडली की चौथा मजला मी त्याच टाचेवर चढत होतो.

उत्तराला उशीर झाला तो त्यामुळे. मला काही दिवस आडवं ठेवलं होतं. साखर खूप निघाली. आणखी उशीर झाला असता तर पाय हातचा गेला असता, असं डॉक्टर सूनबाईला सांगत होते, मला ऐकू येतंय हे विसरून. कान अजून चांगले आहेत.

पण मला तुला दुसरंच सांगायचंय. डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले. म्हणाले, टाचणी टोचली की ‘हो’ म्हणा. मी थोडं थांबायचो आणि म्हणायचो, हो. आणखी थोडं थांबायचो, हो. अंदाज घेत होतो. एवढ्यात टोचली असेल, मग हो. शेवटी ते म्हणाले, “काका, डोळे उघडा. टाचणी कधीची टेबलावर आहे.”

सूनबाई खिडकीबाहेर बघत होती. एवढा लाजलेला मी मला आठवत नाही. आणि तिथेच, त्या स्टुलावर, मला ती तार आठवली. इकडे यायच्या आधीचे दिवस मी वर्कशॉपमध्ये हेच करत होतो, ठिणगे. तार थांबली हे बोटांना कळत नव्हतं. एवढ्यात थांबली असेल, असं म्हणून मी खाच पाडत होतो. उतरायला लागेपर्यंत थांबायचं आणि अर्धं मागे यायचं, ते मी विसरलो नव्हतो. उतरलेलंही कळत नव्हतं, मग कशाच्या अर्धं यायचं? इंजिन चालू केलं की कान सांभाळून घ्यायचा, म्हणून चाललं. आणि बोटं गेलीत हे तुम्हाला कळायच्या आत मी मुलाकडे राहायला निघून आलो. तुम्हाला वाटलं, म्हातारा थकला.

वर त्या बाईला नावं ठेवली. ‘रडवेलं तोंड’ लिहिलं होतं मी. तो कागद तुझ्याकडे असेल. तो त्यांना दाखव म्हणायचं धाडस माझ्यात नाही, पण फाडू नकोस.

तू ‘वर्कशॉपची’ म्हणालीस ते ठीक केलंस. तुझ्या बाजूने जितकं जाता येत होतं तितकं तू गेलीस. पुढचं माझं आहे आणि ते मी त्याच आवारात बोलणार. जखम भरली की डॉक्टर सोडतील, महिनाअखेर येतो. साहेबांना बोलवून ठेव, टायरवाल्यालाही. वेल्डरला सांग, हसायला हरकत नाही, मला आता खोकला नाही.

त्या दिवसांत मी पाडलेल्या आणखी तीन खाचा बाहेर फिरताहेत. फुलवाल्याची व्हॅन, फोटोवाल्याची निळी गाडी आणि तबल्याच्या क्लासवाल्या मास्तरांची. त्यांना मी येईपर्यंत थांबवू नकोस, आजच बोलव. कारण विचारतील. माझं नाव घेऊन सांग. आणि पुली बदलू नकोस कोणाची. नवी खाच पाड, जुनी शेजारी राहू दे. बघणाऱ्याला दिसू दे कुठे होती ते.

बाईंना वेळ असला तर मला बसस्टँडवरून त्यांच्या व्हॅनने आणायला सांगशील? नाही म्हणाल्या तरी त्यांचा हक्क आहे. हो म्हणाल्या तर मी पुढे बसेन आणि गिअरकडे बघणार नाही.

मी आलो की एक इंजिन स्टँडवर तयार ठेव. अडसर, चकती, सगळं बसवून. तुझी रीत मला एकदा नीट बघायची आहे. बोटांचा आता काही उपयोग नाही, पण डोळे शाबूत आहेत. तू फिरव, आकडा मी वाचतो. आणि टेकला का, असं विचारल्यावर मी ‘हो’ म्हटलं, तरी तू एकदा बघ.

काका